मिलिमीटर नव्हे, मायक्रॉन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेवर पानभर लेख आला होता. माय मागावर बसली की तिला पेपर वाचून दाखवायचा, ही आमच्या घरची जुनी रीत. तसा तो लेखही मी मोठ्यानं वाचत होते आणि निम्म्यावर येऊन अडखळले. तिथल्या सीएमएस नावाच्या, कण टिपणाऱ्या डिटेक्टरमधले सिलिकॉनचे सेन्सर '३२० मिलिमीटर जाडीचे' असतात, असं छापलं आहे. ते ३२० मायक्रॉन हवं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या आकड्यानं तो सेन्सर फूटभर जाड झाला, म्हणजे आमच्या घराच्या मातीच्या भिंतीएवढा. प्रत्यक्षात तो वहीच्या तीन-चार कागदांएवढा असतो. नुसत्या हातानं उचलला तर कोपरा पापडासारखा तुटतो, म्हणून हवेच्या ओढीनं चिकटणाऱ्या साधनानं उचलावा लागतो.

एवढंच कळवायचं असतं तर पोस्टकार्डावर भागलं असतं. पण बुधवारी त्याच लेखावर एका वाचकाचं पत्र छापून आलं. धानाच्या बोनसचा पत्ता नाही, कापूस घरात पडून आहे, आणि साहेब लोकांना अब्जावधीचे कॅमेरे पाहिजेत, असा त्याचा सूर. ते पत्रही मी मायला वाचून दाखवलं. धोटा न थांबवता ती म्हणाली, "बरोबर तं लिहिलं बाप्पा त्यानं. पण तू तेच करत होतीस न वं?"

होय, मी तेच करत होते. म्हणून हे लांबलेलं पत्र.

मी मोहाडी तालुक्यातली, कोष्ट्याची पोर. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि घरापासून दूर एका प्रयोगशाळेत सहा वर्षं कंत्राटी तांत्रिक साहाय्यक होते. काम एकच: क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या खोलीत, सिलिकॉन सेन्सरची मॉड्यूल्स (सेन्सर आणि चिप एकत्र बसवलेले तुकडे) चिकटवणं, त्यांच्या तारा जोडणं, तपासणं, आणि खराब निघालं तर का खराब निघालं ते वहीत लिहिणं. प्रकल्पाचा तो टप्पा संपला तसं कंत्राटही संपलं. आता तालुक्याच्या गावी माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सूक्ष्मदर्शक आणि चिमटे तेवढे तेव्हाच्या सवयीचे उरलेत.

आधी डिटेक्टरसाठी लेखात वापरलेल्या 'महाकॅमेरा' या शब्दाबद्दल. कॅमेऱ्यात उजेड येतो आणि तिथेच थांबतो. ट्रॅकरमध्ये, म्हणजे डिटेक्टरच्या वाट टिपणाऱ्या भागात, कण थांबत नाही, थांबू द्यायचाच नसतो. तो आरपार जातो आणि जाताना खूण ठेवतो. धानाच्या बांधीतून सकाळी कोणी चालत गेलं तर माणूस दिसत नाही, पण वाकलेल्या लोंब्यांवरून कुठून शिरला आणि कोणत्या धुऱ्यावर निघाला ते कळतं. तसं हे काम आहे. सीएमएसच्या मधल्या भागात सिलिकॉनच्या पट्ट्यांचे १० थर आहेत आणि त्यांच्याही आत पिक्सेलचे ४. कण प्रत्येक थरात एक ठिपका ठेवतो, मग ठिपके जोडून वाट काढायची. सगळं मिळून सिलिकॉन सुमारे २०० चौरस मीटर. सरकारी घरकुल २५ चौरस मीटरचं धरलं तर आठ घरकुलांची जमीन झाकेल एवढं.

आणि हे सिलिकॉन म्हणजे खिडकीच्या फटीत भरायच्या पांढऱ्या ट्यूबमधलं नव्हे. ते सिलिकोन, रबरासारखं. हे सिलिकॉन वाळूतून काढलेलं, मोबाइलच्या चिपमध्ये असतं ते. मजा अशी की मॉड्यूल तयार झाल्यावर तारांच्या मुळांवर जो पारदर्शक लेप द्यायचा तो सिलिकोनचाच असतो, त्यामुळे आमच्याकडे नवीन आलेली पोरंही पहिला महिनाभर दोन्हीत घोळ घालायची. तेव्हा असा घोळ झाला तरी आपल्या उपसंपादकांना मी दोष देणार नाही.

कण गेल्याचं सिलिकॉनला कळतं कसं, हे लेखात एका ओळीत उरकलं आहे. खरी गंमत तिथेच आहे. भारित कण सिलिकॉनमधून गेला की वाटेतल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात. ३०० मायक्रॉनच्या सेन्सरमधून एक वेगवान कण गेला तर साधारण बावीस-तेवीस हजार. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण साध्या सिलिकॉनच्या तुकड्यात आधीच मोकळे इलेक्ट्रॉन इतके असतात की हे नवे त्यात बुडून जातील. भरलेल्या बांधीत एक थेंब पडला तर काय दिसणार? म्हणून आधी बांधी कोरडी करायची. सेन्सरला उलटा विद्युतदाब द्यायचा, शे-दोनशे व्होल्टपासून पुढे काहीशे व्होल्टपर्यंत, म्हणजे आतले मोकळे भार ओढले जाऊन जागा रिकामी होते. मग कण गेला की सुटलेला भार तेवढा उरतो आणि काही नॅनोसेकंदांत वरच्या पट्टीवर येऊन पोचतो. सगळा डिटेक्टर या कोरड्या केलेल्या बांधीवर चालतो.

तरीही विजेची थोडी गळती राहतेच, आणि ती उष्णतेनं वाढते. तापमान सातेक अंशांनी चढलं की गळती दुप्पट. प्रयोग सुरू झाला की किरणोत्सारानं सिलिकॉनमधले अणू जागचे हलतात, गळती आणखी वाढते, म्हणून सेन्सर शून्याच्या खाली गार ठेवावे लागतात. नव्या ट्रॅकरसाठी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड बारीक नळ्यांतून फिरवून उणे ३० अंशांच्या आसपास नेतात. मे महिन्यात भंडाऱ्याला पारा ४५ च्या वर गेला की मला अजूनही मनातल्या मनात किती पट झाली असेल ते मोजायची खोड आहे.

हे तंत्र काही कालपरवाचं नाही. जर्मनीत योसेफ केमर यांनी १९८० मध्ये चिप बनवायच्या पद्धतीनंच असे सेन्सर करून दाखवले, आणि १९८३ मध्ये सर्नच्या एनए११ प्रयोगात पट्ट्यांचे सिलिकॉन सेन्सर पहिल्यांदा कामाला लागले. आपल्या देशातही भाभा अणुसंशोधन केंद्र आणि बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी मिळून ३२ पट्ट्यांचे सेन्सर बनवले, ते सीएमएसच्या प्रीशॉवर नावाच्या भागात बसले आहेत. लेखात याचा उल्लेख असता तर बरं वाटलं असतं.

आता मी ज्या मॉड्यूलवर काम केलं त्याकडे येते. सर्नचं प्रोटॉन पळवून आदळवणारं यंत्र सध्यापेक्षा कितीतरी जास्त टकरी देणारं होणार आहे, २०३० च्या सुमारास. दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनांचे दोन घोळके एकमेकांतून जातात, म्हणजे सेकंदाला चार कोटी वेळा, आणि तेव्हा एकेका वेळी दोनशेपर्यंत टकरी होतील. एवढी सगळी माहिती बाहेर आणणारी केबल कोणी बनवू शकत नाही. मग मॉड्यूलनंच आत बसून निवड करायची. त्याची युक्ती मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत मायला फोन केला होता.

डिटेक्टर एका प्रचंड चुंबकात असतो, ३.८ टेस्लाच्या. चुंबकात भारित कणाची वाट वाकते. कमी जोराचा (कमी संवेगाचा) कण जास्त वाकतो, जास्त जोराचा कमी. धुरा आखताना सुतळी ताणतो तेव्हा मध्ये जो झोल पडतो, तोच झोल इथे मोजायचा. १०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे चांगल्याच जोराच्या, कणाची वाट एक मीटर अंतरात जेमतेम दीड मिलिमीटर झोल घेते. तो झोल नीट मोजायचा तर प्रत्येक ठिपका मायक्रॉनांत कळला पाहिजे. म्हणून मायक्रॉनच्या जागी मिलिमीटर आलं की माझ्यासारखीच्या पोटात गोळा येतो.

युक्ती अशी: एकावर एक असे दोन सेन्सर, मध्ये फक्त १.८ मिलिमीटर फट. काही मॉड्यूल्समध्ये ४ मिलिमीटर. कण सरळसोट गेला तर खालच्या सेन्सरची जी पट्टी पेटते तिच्याच वरची किंवा शेजारची पट्टी वर पेटते. वाकत गेला तर वरचा ठिपका बाजूला सरकतो. चिप दोन्ही ठिपके ताडून बघते, फार सरकलेले असतील तर तो कण कमी जोराचा, त्याला तिथेच सोडून देते. जोराचा असेल त्याचीच वर्दी बाहेर जाते. हे ताडून बघणं खरं निघायचं असेल तर वरच्या सेन्सरच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांना समांतरच हव्यात. दहा सेंटीमीटर लांबीत तिरपेपणा ४० मायक्रॉनच्या आत. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, तेव्हा अर्ध्या केसाची सूट मिळते म्हणा. ते दोन सेन्सर गोंद लावून एकमेकांवर बसवायचं काम माझं होतं.

मधला दुवा ॲल्युमिनियम आणि कार्बन तंतूंच्या मिश्रणाचा. उष्णता भरभर वाहून नेतो आणि गार झाल्यावर जवळपास सिलिकॉनएवढाच आकसतो. साधं ॲल्युमिनियम घेतलं असतं तर उणे ३० ला ते जास्त आकसून सेन्सरलाच वाकवेल. पण हा दुवा वीज वाहतो आणि सेन्सरच्या पाठीवर शेकडो व्होल्ट असतात, म्हणून आधी पाठीवर पिवळसर पॉलिइमाइडच्या चिंधीएवढ्या पट्ट्या चिकटवायच्या. गोंद कमी पडला तर पट्टी सुटते. जास्त झाला तर कडेनं ओघळून पुढच्या बाजूला येतो, आणि तारा जोडायच्या चौकोनांवर त्याचा पापुद्रा बसला की तिथे तार धरत नाही. किती गोंद घ्यायचा हे कागदावर मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. पण त्या दिवशी गोंद किती घट्ट झाला आहे ते सुई दाबताना बोटालाच कळतं. माय खळ देताना भांड्यात बोट बुडवून बघते, तसं.

तारांचं सांगितल्याशिवाय मला हे पत्र संपवता येणार नाही.

एका सेन्सरवर पट्ट्या ९० मायक्रॉनच्या अंतरानं. इंचाला दोनशे ऐंशीच्या वर. आमच्या फणीत इंचाला ऐंशी धागे आले की माय त्याला बारीक काम म्हणते. एका मॉड्यूलच्या दोन्ही सेन्सरवर मिळून ४,०६४ पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी चिपकडे जाणाऱ्या सर्किटला एकेका तारेनं जोडलेली. तार ॲल्युमिनियमची, २५ मायक्रॉन जाड. डाग देत नाहीत, तापवत नाहीत. एक बारीकसं टोक तारेला चौकोनावर दाबतं आणि माणसाला ऐकू न येणाऱ्या वेगानं थरथरवतं. त्या घासण्यानं वरचा गंज निघतो आणि धातू धातूत मिसळतो. मग टोक उचलतं, तारेची कमान होते, दुसऱ्या चौकोनावर पुन्हा दाब, आणि तार तुटून मोकळी. हे सगळं एका श्वासाच्या आत.

सुट्टीत घरी आले होते तेव्हा मायची सांधणी चालली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: साड्यांचा एक ताणा संपत आला की तो फणीतून काढून टाकत नाहीत. जुन्या ताण्याची टोकं तशीच ठेवून नव्या ताण्याचा एकेक धागा त्याला पिळून जोडतात. बोटांना राख लावायची, दोन टोकं अंगठा आणि तर्जनीत धरायची, एक पीळ, एक मोड, झाला सांधा. गाठ नाही, कारण गाठ फणीत अडकते. करवती काठाच्या साडीला पन्ह्यात साडेतीन हजारांवर धागे. माय दिवे लागेपर्यंत मान वर करत नाही. मी बाजूला बसून तिला तारांचं सांगत होते.

"किती तारा म्हणलीस?"

"चार हजार चौसष्ट."

"मंग साडीएवढंच झालं."

"पण माय, ते मशीन जोडते."

"मशीन जोडते तं तू काहून होतीस तिथं?"

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. नंतर सांगितलं की मशीन जोडतं ते पहिल्यांदा. कुठे चौकोन मळका असतो, कुठे कमान शेजारच्या तारेला टेकते, कुठे टाच, म्हणजे तार चौकोनावरून उठते ती जागा, चिरते. ते भिंगाखाली बघायचं, ती एकच तार शेजारच्या दोघींना धक्का न लावता काढायची आणि त्याच चौकोनाच्या उरलेल्या जागेत नवी बसवायची. जागा दोनदाच पुरते. तिसऱ्यांदा चौकोन उखडतो. माय म्हणाली, "तुटला धागा काढणं हेच तं खरं काम आहे, विणते तं कोणीबी."

जोड पक्का आहे की नाही हे ओढून बघतात. काही नमुना तारांच्या कमानीत बारीक आकडा घालायचा आणि तुटेपर्यंत वर ओढायचं. आठ-दहा ग्रॅमच्या आसपास तुटली तर ठीक. पण किती ग्रॅमला तुटली यापेक्षा कुठे तुटली ते महत्त्वाचं. तार मध्ये किंवा टाचेत तुटली तर सांधा चांगला, तार कमजोर पडली. सांधाच चौकोनावरून सोलून निघाला तर त्या दिवसाची सगळी रांग संशयित. एवढ्या चोखंदळपणाचं कारण आहे. अमेरिकेत फर्मीलॅबच्या सीडीएफ प्रयोगात काही तारा चुंबकात बसवल्यावर तुटल्या. तारेतून विजेचे झटके ठरावीक तालात जात होते, चुंबकामुळे प्रत्येक झटक्याला तार हलत होती, आणि ताल तारेच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला तेव्हा ती डोलून डोलून टाचेपाशी तुटली. तेव्हापासून मुळांवर तो सिलिकोनचा लेप देण्याकडे सगळ्यांचा कल. आत बसवलेल्या मॉड्यूलपर्यंत वर्षानुवर्षं कोणाचा हात पोचत नाही. तार गेली की पट्टी आंधळी, आणि नोंदींमध्ये तिथे रेघ. साडीत एक धागा चुकला की लांबीभर पडते तशी.

पहिल्याच आठवड्यात भिंगाखाली सेन्सरवर मला एक दोरखंड दिसला. सोनेरी, पिळदार, तारांच्या रांगेवर आडवा पडलेला. तो कोशाच्या रेशमाचा तंतू होता. आंघोळ करून, टोपी, झगा, हातमोजे सगळं घालूनही घरून आणलेल्या ओढणीतला एक तंतू माझ्या केसांत बसून मोहाडीहून क्लीनरूमपर्यंत आला होता. हवेच्या हलक्या झोतानं तो उडवला आणि ओढणी पेटीत ठेवून दिली ती सहा वर्षं काढली नाही.

एक मॉड्यूल माझ्या हातून गेलं, तेही सांगते. पावसाळ्याचे दिवस. तयार मॉड्यूल पेटीत ठेवून उणे अंशांत नेऊन तपासायचं, आत कोरडी हवा फिरत असते. तपासणी झाली, आलेख चांगला आला, जेवणाची वेळ झाली होती. मॉड्यूल परत खोलीच्या तापमानाला यायची वाट पाहायची असते. मी पडद्यावरचा आकडा वाचला तो पेटीतल्या हवेचा होता, मॉड्यूलचा नव्हता. झाकण उघडलं. थंड पाण्याच्या लोट्यावर दव येतं तसं सेन्सरभर धुकं आलं. दोन सेकंद असतील. झाकण लावलं, पण झालं ते झालं. दुसऱ्या दिवशी विद्युतदाब देत गेले तर दोनशे व्होल्टच्या पुढे गळती सरळ भिंतीसारखी चढली. आदल्या दिवशी तोच सेन्सर सहाशेपर्यंत शांत होता.

एक सहकारी म्हणाला, 'हाताळणीतील दोष' एवढंच लिही, सविस्तर कशाला? मी सविस्तर लिहिलं. कोणता आकडा वाचला, किती वाजता, झाकण किती वेळ उघडं होतं. मग आमच्याकडे मॉड्यूलवरच दुसरा तापमापक लागला आणि झाकणाला कुलूप आलं, मॉड्यूलचं तापमान बाहेरच्या हवेच्या दवबिंदूच्या वर गेल्याशिवाय न उघडणारं. ते कुलूप माझ्या नावानं ओळखलं जायचं. चिडवायला.

आता त्या वाचकाच्या पत्राकडे. त्यांचा राग मला परका नाही. आमच्या घरी हातमागाची साडी किती दिवसांत होते आणि व्यापारी तिचे किती देतो हा हिशेब रोजचा आहे. असल्या संशोधनातून पुढे रुग्णालयातली यंत्रं निघतात, इंटरनेटवरची वेब सर्नमध्येच जन्मली, वगैरे उत्तरं देता येतात आणि ती खरीही आहेत. पण धानाच्या बोनसबद्दल विचारणाऱ्याला वेबचं सांगणं मला बरोबर वाटत नाही. त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की 'साहेब लोकांचा' हा शब्द त्यांनी मागे घ्यावा. त्या डिटेक्टरच्या नव्या भागासाठी तेरा हजारांवर मॉड्यूल्स लागतात. ती जगभरच्या प्रयोगशाळांत, आपल्या देशातही, माझ्यासारख्या डिप्लोमा आणि आयटीआयच्या पोरापोरींच्या हाताखालून जातात. साहेबांचे हात तिथे थरथरतात, हे मी पाहिलं आहे. आमचे सर फार हुशार आणि मनानं मोठे, पण त्यांना आम्ही चिमटा देत नव्हतो.

आणि आपल्या लेखाबद्दलची माझी खरी तक्रार याच जागी आहे. अख्ख्या पानात 'देवकण' (हिग्ज कणाचं टोपणनाव) सात वेळा आला. गोंद एकदाही नाही. २०१५ मध्ये सर्नच्या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक शोधनिबंध छापला, त्याला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नावं आणि संस्था. एवढ्या लांब यादीतही तारा जोडणारे बहुतेक नसतात, तो तिथला रिवाज आहे आणि त्याबद्दल मी रडत नाही. मला पगार मिळाला. पण पेपरवाल्यांनी तरी विचारावं की हे चिकटवलं कोणी.

विचारलं असतं तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता: ते शिकायचं कुठे? भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. तेव्हापासून आपल्या कंपन्यांना तिथल्या कामांच्या निविदा भरता येतात, आपल्या पोरांना तिथल्या ठरावीक मुदतीच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतात. मी ज्या तंत्रनिकेतनात शिकले तिथे एक चांगला सूक्ष्मदर्शक होता, तीन वर्षांत कुलूपबंद कपाटाबाहेर आलेला मी एकदा पाहिला, तपासणी समिती आली त्या दिवशी. वायर बाँडिंगचं, म्हणजे तारा जोडायच्या या कामाचं, नाव मी नोकरीवर गेल्यावर ऐकलं. आणि आमच्याच मोहोल्ल्यात सांधणी करणाऱ्या बाया आहेत, ज्यांची बोटं दिवसाला हजारो सांधे न चुकता करतात. त्यांच्या पोरी आता माग शिकत नाहीत, पुण्याला पॅकिंगच्या कामाला जातात. पोरींना महिनाभर भिंगाखाली बसवलं तर त्यातल्या निम्म्या मला मागे टाकतील, हे मी दुकानात पाहते आहे. शेजारची एक नववीतली पोरगी मोबाइलच्या बोर्डवरचा जोड माझ्यापेक्षा साफ देते. तिला मी अजून पैसे देत नाही म्हणून तिची आजी माझ्याशी बोलत नाही, तो वेगळा विषय.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, कुठेही एका तंत्रनिकेतनात एक जुनं हाताचं बाँडिंग मशीन, दोन सूक्ष्मदर्शक आणि एअरकंडिशनर चालणारी एक खोली, एवढ्यावर सुरुवात होते. नवं स्वयंचलित मशीन फार महाग, ते मी मागत नाही. हातानं चालवायच्या मशीनवरच तार कशी धरते ते कळतं.

मायला मी हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं मोठं कोण छापेल? तिचा अंदाज सहसा चुकत नाही. तेव्हा जागेची अडचण असेल तर बाकी सगळं काढून टाकावं, पण ३२० मिलिमीटरच्या जागी ३२० मायक्रॉन ही दुरुस्ती मात्र पहिल्या संधीला छापावी. शाळेतली पोरं पुरवणीतली कात्रणं वहीत चिकटवतात.

कळावे,
आपली एक वाचक,
ता. मोहाडी, जि. भंडारा
(नाव छापू नये, ही विनंती.)